नजर मॅटरवर

विजयमालानं माझं बोट धरलं आणि उचलून दुसऱ्या बटणावर नेऊन ठेवलं. "तिथं न्हाई सर, हितं," ती म्हणाली, आणि लगेच हात मागे घेऊन पदराला पुसला. एवढंच झालं. पण मी पाच-दहा सेकंद त्या बोटाकडे बघत बसलो. सव्वीस वर्षं सांगलीत, खणभागातल्या माझ्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मी दुसऱ्यांची बोटं जागेवर ठेवत आलो. मुलींच्या बोटांना हात लावायचा नाही म्हणून ती पेन्सिलीच्या मागच्या टोकानं सरकवायचो, मुलांच्या बोटांवर सरळ लाकडी रूळ बसायचा. माझं बोट चुकलं असं सांगणारं अजून कुणी भेटलं नव्हतं. ही विजयमाला आष्ट्याहून एस.टी.नं क्लासला यायची. चाळीसच्या स्पीडला एकदा नापास झाली तेव्हा भर वर्गात मी तिला म्हणालो होतो की तुझी बोटं उसाच्या मोळ्या बांधायला बरी आहेत. आता तिचा नवरा फौजेत आहे, विश्रामबागला तिची सहा कॉम्प्युटरची खोली आहे, दारावर इंटरनेटची पाटी आहे, आणि वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मी तिच्या समोर बसून खेळातला एक बाहुला चार पावलं चालवायला शिकतोय. ती ते उसाचं वाक्य विसरली असेल असं मला वाटत नाही. सूड उगवायला तिला दुपारभर वेळ होता, आणि ती मात्र बशीत बिस्किटं ठेवून चहा आणत होती. मला त्याचाच राग येत होता.

मी काही हौस म्हणून हा खेळ शिकत नव्हतो. माझा मुलगा निमिष अडीच वर्षांपूर्वी घर सोडून गेला. बंगळूरला कॉम्प्युटरवर काहीतरी काम करतो, एवढं त्याच्या बहिणीकडून कळतं. माझी पत्रं न फोडता परत आली. फोनवर माझा आवाज ऐकला की तो खाली ठेवतो. ही बहीण म्हणजे माझी मुलगी सई, साताऱ्याला दिली आहे. दिवाळीनंतर तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा ती पोळ्या लाटत असताना मी ओट्याशी जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "त्याला एकदा माझ्याशी बोलायला सांग." पोरीसमोर असं कधी उभं राहिलो नव्हतो. तिनं लाटणं थांबवलं नाही. पण दोन आठवड्यांनी तिचा निरोप आला. निमिष म्हणाला होता: बाबांचा आवाज नको आणि समोरासमोरही नको. मी शनिवारी दुपारी इंटरनेटवर एक खेळ खेळतो. त्यात जगभरातली माणसं आपापली सोंगं घेऊन एका गावात हिंडत असतात, भेटतात, बोलतात, मारामाऱ्या करतात. त्या गावाबाहेर एक दगडी पूल आहे. अठरा डिसेंबरला तीन वाजता मी पुलावर थांबेन. त्यांना टाईप करता येतं, तर काय सांगायचं ते तिथं येऊन टाईप करू देत. एकदाच. पुन्हा विचारायचं नाही. सई फोनवर म्हणाली, "बाबा, तो हो म्हणाला हेच खूप झालं. आता एवढी एक वेळ सांभाळा." अनसूयेला, म्हणजे माझ्या बायकोला, मी हे सांगितलं तेव्हा ती शेंगा सोलत होती. शेंगांवरची नजर न काढता ती म्हणाली, "नुसतं चुकलं म्हणा. दुसरं काही लिहू नका." अडीच वर्षांत ती या विषयावर एवढंच बोलली.

एका शब्दासाठी कुणी एवढा खटाटोप करतं का, असं मला वाटलं. बायकांना प्रत्येक गोष्ट एका शब्दात मिटवायची असते.

तर मंगळवारपासून मी रोज दुपारी दोन ते तीन विजयमालाकडे जायला लागलो. त्या वेळी तिच्याकडे कुणी नसतं. फोनला जोडलेलं मोडेम आधी किंचाळतं, मग खरखरतं, मग गप्प होतं, आणि पडद्यावर हळूहळू हिरवळ, दगड, घरं उमटायला लागतात. पहिलं घोडं अडलं नावावर. "समदी लोकं कायबाय नाव घेत्यात सर, राक्षसाचं, राजाचं. तुमाला काय ठिवू?" मी म्हणालो, सुमंत. तिला हसू आलं. पण मला सोंग घेऊन माझ्या मुलाला भेटायचं नव्हतं. त्याचं खेळातलं नाव सईनं कळवलं होतं. ते परकं नाव मी इथं लिहीत नाही. दुसरं घोडं अडलं ते माऊसवर. तो मी डस्टर धरावा तसा धरायचो आणि बाण पडद्याच्या कडेला जाऊन बसायचा. विजयमालानं कुठल्याशा चौकटीत जाऊन त्याची चाल कमी केली, इतकी कमी की बाण म्हातारा झाला. "ज्याच्याशी काम हाय त्याच्यावर बाण न्यायचा आन एकदा टिचकी मारायची. त्याच्याभवती पिवळं कडं येतंय. मग तुमी काय बी केलं तर ते त्यालाच लागू हुतंय." हे मला पटलं. कुणाशी बोलायचं तर आधी त्याच्याकडे तोंड करावं लागतं, तसं ते होतं.

खरी अडचण बटणांची. त्या खेळात चालणं, थांबणं, बसणं, वस्तू उचलणं, वार करणं ही सगळी कामं कीबोर्डच्या सगळ्यात वरच्या ओळीवर दिलेली होती, एफवनपासून एफट्वेल्वपर्यंत. टाईपरायटरला ती ओळच नसते. माझ्या बोटांना ती न बघता सापडेना. आणि बघून बटण दाबायचं म्हणजे माझ्या लेखी दुसऱ्याच्या पेपरात डोकावण्यासारखं आहे. माझ्या इन्स्टिट्यूटच्या भिंतीवर निळ्या रंगात दोनच शब्द लिहिलेले आहेत: नजर मॅटरवर. मॅटर म्हणजे ज्याच्यावरून टाईप करायचं तो कागद. तो डाव्या हाताला स्टँडवर उभा असतो. टायपिस्टनं बटणांकडे बघायचं नाही, मशीनमधल्या कागदाकडेही बघायचं नाही. काय उमटतंय ते बघायचा मोह हा सगळ्यात वाईट, कारण जो बघतो तो थांबतो आणि जो थांबतो त्याचा स्पीड जातो. पान संपेपर्यंत नजर मॅटरवर. मग कागद काढायचा आणि काय ते बघायचं. नवीन पोरांच्या बटणांवर मी कापडाची झालर लावायचो. निमिष नऊ वर्षांचा असल्यापासून त्या झालरीखाली हात घालून बसायचा, ए एस डी एफ जी एफ, सेमिकोलन एल के जे एच जे. उन्हाळ्याच्या सुट्टीत खाली गल्लीत पोरं क्रिकेट खेळायची आणि हा मान खाली करून झालर जराशी उचलायचा. तेवढंच मला दिसायचं. तो चुकत नव्हता, नुसता बघत होता, तरी मी मारायचो. चुकलेल्या मुलाला सुधारता येतं, बघणाऱ्याला येत नाही, असं मी तेव्हा मोठ्या तोऱ्यात म्हणायचो.

"हे बदलता येतं का?" मी विजयमालाला विचारलं. बदलता येत होतं. एक चौकट उघडली, तिच्यात डावीकडे काम आणि उजवीकडे बटण. कामावर टिचकी मारायची आणि हवं ते बटण दाबायचं, की झालं. "पर अक्षरांवर नका ठिवू सर. घोटाळा हुतो. पोरं वरचीच ठेवत्यात," ती म्हणाली. मी म्हणालो, "घोटाळा बघून टाईप करणाऱ्यांचा होतो." ती खुर्ची सरकवून बाजूला झाली. मला बरं वाटलं, कारण त्या खोलीत पहिल्यांदाच मला ठाऊक असलेलं काही निघालं होतं. प्रत्येक बोटाची ताकद मला माहीत आहे. पहिलं बोट दमत नाही, म्हणून चालणं एफला दिलं. उजव्या हाताचं मधलं बोट शहाणं असतं, त्याच्या के या अक्षरावर वाकून नमस्कार करणं ठेवलं. खेळात तशीही एक क्रिया आहे आणि ती मला हवी होती. वार करण्याशी मला कर्तव्य नव्हतं. ते काम नुसतं काढून टाकता येतं का ते पाहिलं, पण चौकट रिकामी सोडू देईना. मग ते मी सगळ्यात दुबळ्या बोटाला दिलं, डाव्या करंगळीला. तिच्याखाली ए असतो. चुकून दाबलं जायला नको, एवढाच विचार होता, आणि तो करताना मला स्वतःचं कौतुकही वाटलं. शेवटी विजयमालानं बोलायची रीत दाखवली. आधी एन्टर दाबायचं, मग खाली एक पांढरी पट्टी उघडते, तिच्यात टाईप करायचं, परत एन्टर दाबलं की वाक्य समोरच्याला दिसतं आणि पट्टी मिटते. "लांब लिवलं तरी ओळ आपोआप खाली जातीया. मधी एन्टर दाबू नका, शेवटाला दाबा." आम्ही सराव केला. ती शेजारच्या कॉम्प्युटरवर बसून दुसरा बाहुला व्हायची आणि मी तिला वाक्यं पाठवायचो, आज हवा थंड आहे, तुझा नवरा कुठल्या ठाण्यावर आहे. प्रत्येक वेळी ती बाजूनं "एन्टर" म्हणायची आणि मी दाबायचो. ती म्हणते म्हणून मी दाबतो आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही. टाईपरायटरला सुरुवात करायची परवानगी लागत नाही. बोट पडलं की अक्षर उमटतं.

आता तो दिवस सांगायलाच हवा. सत्त्याण्णवच्या जूनमध्ये, नवी बॅच सुरू झाली त्या सकाळी, मी मुलांना सांगत होतो की पुढच्या वर्षीपासून निमिष सर शिकवतील. तो एकोणीस वर्षांचा होता, मागच्या मशीनवर रिबन बदलत होता. तो म्हणाला, "बाबा, त्यांची फी परत करा. ही मशिनं दोन वर्षांत भंगारात जातील." तो उद्धटपणे बोलला नाही. त्या पोरांची त्याला खरोखर काळजी वाटली असावी. अकरा पोरं माझ्याकडे बघत होती. मी रूळ उचलला. त्याचा उजवा हात मशीनवर होता, रिबनच्या शाईनं काळा झालेला. त्यानं तो काढून घेतला असता तर एकदाच लागलं असतं. त्यानं काढला नाही. किती वेळा मारलं ते मला सांगता येत नाही, पण ती खोली कधी नव्हे इतकी शांत झाली होती आणि त्या शांततेत फक्त माझाच आवाज होता हे मला आठवतं. मधलं बोट मोडलं. आठव्या दिवशी तो प्लॅस्टरसकट गेला. अनसूयेनं त्याला डबा करून दिला आणि मी वरच्या मजल्यावर वर्गात होतो. मी खाली आलो नाही. सगळ्या मशीनचा एकदम आवाज चालू होता आणि त्या आवाजात मला बरं वाटत होतं, हे मी कुणाला बोललेलो नाही. पुढं दोन वर्षांत बारा मशीनपैकी आठ खरोखरच गेली. तो बरोबर होता. बापाला हे कळणं निराळं आणि बोलता येणं निराळं.

म्हणून मी मॅटर तयार केलं. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, सकाळी वर्ग रिकामा असायचा तेव्हा रेघांच्या कागदावर लिहीत बसलो. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत, म्हणजे टाईप करताना अडायला नको. चार वेळा फाडलं. पहिल्या कागदावर मी त्याला समजावून सांगत होतो, दुसऱ्यावर माझ्या बापानं मला कसं मारलं ते सांगत होतो, तिसऱ्यावर इन्स्टिट्यूटचा इतिहास होता. चौथ्यावर फक्त रडगाणं. पाचव्यात ते आलं. निमिष, मी तुझ्या हातावर मारलं ते तुझं बोलणं खोटं होतं म्हणून नाही, खरं होतं म्हणून. तुझं बोट थंडीत दुखतं असं सई म्हणाली. मला माफ कर. घरी ये असं म्हणायचा मला हक्क नाही, पण आईसाठी ये. असं पानभर. पाठपोट दोन बाजू झाल्या. माफ कर हे दोन शब्द लिहिताना इतकं हलकं वाटलं की मी ते तीन ठिकाणी लिहिले. अनसूयेचं ऐकून एक शब्द लिहिला असता तर, हा विचार आता रोज येतो. तेव्हा वाटलं होतं की अडीच वर्षं झाली आहेत, निदान एक पान तरी हवं.

शनिवारी पावणेतीनला मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. विजयमालानं सगळं चालू करून दिलं, बाहुल्याला पुलापर्यंत आणून ठेवलं आणि म्हणाली, "मी भाईर बसती सर. बापलेकाचं बोलणं हाय, मी कशाला मधी." दार लोटून ती बाहेर पायरीवर जाऊन बसली. मला ते फार नीटनेटकं वाटलं. तीनला पाच कमी असताना पुलाच्या पलीकडून एक उंच आकृती चालत आली, अंगावर निळं चिलखत, पाठीला ढाल. नाव तेच होतं. माझा बाहुला तिच्यापुढं अगदीच फाटका, नव्या माणसाला देतात त्या सदऱ्यात, हातात काठी. आकृती माझ्यापासून दोन पावलांवर थांबली. मी बाण हळूहळू तिच्यापर्यंत नेला, टिचकी मारली. पिवळं कडं आलं. एन्टर दाबलं, हे मला आठवलं, कारण पहिलं वाक्य मी मंगळवारपासून एन्टरसकट मनात म्हणत होतो. निमिष, मी बाबा. पुन्हा एन्टर. वाक्य वर गेलं. मग त्याच्या डोक्यावर अक्षरं आली: हो. बोला.

अडीच वर्षांनी त्यानं मला बोला म्हटलं होतं. मी कागद काढला, डाव्या हाताला कॉम्प्युटरला टेकवून उभा केला, पाठ ताठ केली, बोटं जागेवर ठेवली आणि टाईप करायला लागलो. आयुष्यात इतकं चांगलं टायपिंग मी केलं नसेल. बटणं मऊ होती, आवाज नव्हता, पन्नासच्या स्पीडनं बोटं पळत होती आणि नजर मॅटरवर. एकदाही अडलो नाही. डोळ्यांच्या कोपऱ्यात पडदा हलत होता, काहीतरी चमकत होतं, खाली काहीतरी लिहिल्यासारखं उमटत होतं. तो वाचतोय, मध्ये काही बोलत असेल, असं मला वाटलं. एकदा फार बघावंसं वाटलं. पण पोरासमोर मध्येच थांबणं बरं दिसणार नाही, सगळं एकदम सांगून होऊ दे, मग त्याचं ऐकू, असं म्हणून मी तो मोह आवरला. कागदाची एक बाजू संपली. मी एन्टर दाबलं आणि मान वर केली.

पांढरी पट्टी उघडली. आत्ता उघडली. ती रिकामी होती आणि तिच्यात रेघ लुकलुकत होती. पुलावर माझा बाहुला एकटाच होता, काठी उगारलेली. तेवढ्यानं मला काही कळलं नाही. मग कोपऱ्यातल्या ओळी दिसल्या, त्यांत मी काय काय केलं त्याची खेळानं नोंद ठेवली होती. सुमंतनं वार केला. सुमंतनं वार केला. सुमंतनं वाकून नमस्कार केला. सुमंतनं वार केला. एक पाऊल पुढं, वार, वार, नमस्कार. पट्टी मिटलेली असली की ए म्हणजे वार, एफ म्हणजे पाऊल, के म्हणजे नमस्कार, आणि इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत ए टाळून चार शब्दही पुढं जाता येत नाही. माफमध्ये दोन ए, करमध्ये एक; माफ कर एवढ्यात तीन वार, एक पाऊल पुढं आणि एक नमस्कार. त्या एका बाजूतच ते तीन वेळा लिहिलं होतं. आणि त्या नोंदींच्या मधेमधे, मी कागदाकडे बघत असताना, तो बोलत होता.

बाबा?

बाबा, काय करताय?

थांबा.

मी काही करत नाहीये बाबा.

थांबा ना.

शेवटची ओळ बरीच खाली होती. त्या ओळीच्या आधी माझे कितीतरी वार होते आणि त्याचा एकही नव्हता. विजयमालानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की एवढ्या जुन्या खेळाडूनं एक तडाखा दिला तर माझा बाहुला संपला. त्यानं दिला नाही. ढालसुद्धा पाठीवरून काढली नाही. सगळे वार खाऊन झाल्यावर त्यानं फक्त लिहिलं होतं, बरं. आणि खाली खेळाची ओळ, की तो आता इथं नाही.

उघडलेल्या पट्टीत मी निमिष म्हणून हाक मारली. ती माझ्याच डोक्यावर उमटली आणि विरली. परत मारली. एक अनोळखी बाहुला पुलावरून पळत गेला. सईला फोन करावा, तिच्याकरवी सांगावं, की बटणाची चूक झाली, मी माफी लिहीत होतो, पट्टी उघडलीच नव्हती. पण हे सुचताक्षणीच मी खिशातून फोनची वही काढता काढता थांबलो. कारण त्या जूनमध्ये हाडाच्या डॉक्टरांनी मला विचारलं होतं, हे कसं झालं, आणि शेजारी निमिष हात धरून बसलेला असताना मी सांगितलं होतं, मशीनच्या सरकत्या कॅरेजखाली सापडलं. निमिषनं माझ्याकडे बघितलं आणि डॉक्टरांना म्हणाला, हो. त्याला मी आता दुसऱ्यांदा मशीनचं नाव कुठल्या तोंडानं सांगू? आणि सांगितलं तर तो पुन्हा हो म्हणेल. तो तसाच आहे. मला ते ऐकवणार नाही. खरं सांगायची वेळ आली आणि माझ्याकडं सांगायला जे होतं ते खोट्यासारखंच दिसत होतं.

दार वाजलं. विजयमाला चहाचा कप घेऊन आत आली, डोळे लावून बसलेल्या माणसाचा असतो तसा तिचा चेहरा झाला होता. "आला हुता का सर? बोलला?"

त्याची वाक्यं अजून पडद्यावर तशीच होती. ती पुसायची कशी हे मला तिनं शिकवलं नव्हतं. मी डाव्या हाताचा कागद उचलला आणि त्यांच्यावर धरला.

"आला होता," मी म्हणालो. "बरा आहे म्हणाला."